वजन उतरलं, पण चरबी उतरली का? पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांसाठी सगळं नीट

लग्नाचा सीझन जवळ आला किंवा रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरवर दिसली की आपल्या इंदूरातल्या घरांमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, आता वजन कमी करायचंच. मग कोणी भात सोडतं, कोणी रात्रीचं जेवण सोडतं, कोणी दुधीच्या ज्यूसवर राहतं, आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहून आकडा बघायचा. मी रामबागेच्या भागात आजूबाजूच्या काकू-मावश्यांना घरच्या घरी करायचा व्यायाम शिकवते आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकीला आधी हेच सांगते की तुम्हाला वजन कमी करायचं नाहीये, चरबी कमी करायची आहे, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओळखीतल्या एका काकूंचं उदाहरण घ्या. ज्यूस, काकडी, रात्री नुसतं सूप, असं महिनाभर केलं आणि पाच किलो उतरल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. मी त्यांना म्हटलं काकू जरा खाली मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठून दाखवा, तर उठता येईना, आधी आरामात उठायच्या. कुकरचं झाकण लावताना मनगट थरथरायला लागलं होतं. आणि कंबरेचा टेप? जेमतेम एक सेंटीमीटर सरकला होता. म्हणजे पाच किलो गेले कुठे? बरंचसं पाणी गेलं, बरंच मसल गेलं, आणि जी जायला पाहिजे होती ती पोटाची चरबी बऱ्यापैकी तिथेच.

काटा नेमकं काय मोजतो

काटा म्हणजे किराण्याच्या बिलातला खालचा टोटल, वरची यादी त्यात दिसत नाही. हाडं, मसल, चरबी, पाणी, पोटातलं अन्न, सगळं मिळून एक आकडा. घरी करून बघा, काट्यावर उभं राहा, उतरा, अर्धा लिटर पाणी प्या आणि परत उभं राहा, अर्धा किलो वाढलेला दिसेल. चरबी वाढली का? नाही ना. मग सकाळी आकडा अर्ध्या किलोनी खाली दिसला तर तीसुद्धा चरबी गेली असं कसं म्हणायचं.

भात-पोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात जो दणकून फरक पडतो त्याचं कारण असं की आपलं शरीर साखरेचा एक साठा लिव्हरमध्ये आणि मसलमध्ये ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि मसलमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास, आणि या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबर पाणी निघून जातं, झाले दीड-दोन किलो कमी. नंतर कोणाच्या घरी मुंजीला पोटभर जेवलात की साठा परत भरतो, पाणी परत येतं, आणि बायका म्हणतात एका जेवणात दोन किलो वाढलं बाई, माझं शरीरच असं आहे. शरीर व्यवस्थित आहे, त्याचं काम करतंय.

मीठही पाणी धरतं. सेव, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला), कचोरी, लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी आकडा वर असणारच. पाळीच्या आधीच्या दिवसांतही कित्येक जणींचं एक-दोन किलो पाणी वाढतं आणि नंतर उतरतं, म्हणून बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करून रडत बसू नये, या महिन्याच्या पाळीनंतरचा आकडा मागच्या महिन्याच्या पाळीनंतरच्या आकड्याशी जुळवून बघायचा.

आता चरबीचा हिशोब. एक किलो शरीरातली चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तुम्ही रोज लागतं त्यापेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला ३५०० होतात, म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास चरबी. बस्स, एवढाच वेग आहे. हा हिशोब हातात असला की भिंतीवरची "७ दिवसांत ५ किलो" वाली जाहिरात स्वतःच तपासता येते, पाच किलो चरबी म्हणजे ३८,५०० कॅलरी, सात दिवसांनी भागा, रोजच्या साडेपाच हजार. घरकाम करणाऱ्या साध्या बाईचं शरीर दिवसभरात सगळं मिळून दीड-दोन हजार कॅलरी वापरतं. म्हणजे तिनं सात दिवस काहीही खाल्लं नाही तरी पाच किलो चरबी जाणार नाही.

आणि चरबी घामातून वितळून वाहते असंही नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशोब मांडला होता, १० किलो चरबी शरीरात वापरली गेली की त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यामुळे पोटाला गुंडाळायचा घामाचा पट्टा, प्लास्टिकचा सूट, यांनी फक्त पाणी जातं आणि ते पाण्याच्या ग्लासाबरोबर परत येतं. मालव्यातल्या मे महिन्यात तर असले सूट घालून पळणं सरळसरळ धोक्याचं आहे.

बारीक दिसता म्हणून सुटलात असं नाही

हे मला फार कळकळीनं सांगायचंय कारण आपल्या लोकांमध्ये हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढे अशी माणसं घरोघरी आहेत, आणि त्यांना वाटतं माझं वजन तर नॉर्मल आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे काट्याच्या आणि उंचीच्या हिशोबानं दोघंही सारखेच फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सारखं वजन, चरबी दुपटीहून जास्त. आपल्या भारतीय शरीराची ठेवणच अशी आहे की मसल कमी, चरबी जास्त आणि तीही पोटात, आतल्या अवयवांच्या भोवती, आणि शुगर-बीपीचा त्रास तिथूनच सुरू होतो. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेषाही खाली आणलेली आहे, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, गोऱ्या लोकांमध्ये हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

अशा माणसानं नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर आधीच कमी असलेलं मसल अजून कमी होतं. त्याला काट्यापेक्षा ताकदीच्या व्यायामाची गरज जास्त आहे.

पहिलं काम, मोजून लिहून ठेवा

डाएट उद्यापासून, मोजणी आजपासून. एक वही घ्या, मोबाईलमध्ये लिहिलेलं सापडत नाही.

शिवणकामाचा टेप घ्या. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी, आरशासमोर उभं राहा. बाजूनी हात लावून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेचं वरचं हाड शोधा, या दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप आला पाहिजे. साडी किंवा पँट जिथे बांधता ती जागा नाही, ती बहुतेकांची खूप खाली असते आणि तिथे मोजलं की पोट चुकतं. टेप मागून वर-खाली झाला नाही ना ते आरशात बघा, पोट आत ओढू नका, श्वास साधा सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. टेप कातडीला टेकलेला हवा पण रुतलेला नको. दोनदा मोजा, दोन्हींत फरक आला तर तिसऱ्यांदा. सवय झाली की दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही रेषा धरतात, त्याच्या वर गेलं की सावध व्हायचं. याहून सोपा नियम हवा असेल तर कंबर आपल्या उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, उंची १५६ असेल तर कंबर ७८ च्या आत.

काट्यालाही फेकायचं नाही, तो पण लागतो, पण आठवड्यातून तीन-चार सकाळी मोजा आणि त्यांची सरासरी लिहा, एका दिवसाच्या आकड्यावर मूड ठरवायचा नाही. तिसरी नोंद ताकदीची, हत्ते नसलेल्या साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर क्रॉस, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर जबरदस्ती करू नका. या तीन गोष्टी, कंबर, सरासरी वजन आणि खुर्चीचा आकडा, एकत्र वाचल्या की आत काय चाललंय ते कळतं.

चरबीचे टक्के दाखवणारे काटे आजकाल घरोघरी आलेत, त्याबद्दल रोज कोणी ना कोणी विचारतं. तो काटा पायातून अगदी सौम्य करंट सोडतो आणि शरीरातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज लावतो, त्यामुळे पाणी कमी-जास्त प्यायलात, नुकताच व्यायाम केलात की आकडा बदलतो. असेल घरी तर रोज एकाच वेळी बघा आणि दोन महिन्यांत कल कुठे आहे तेवढंच पकडा. मुद्दाम विकत घ्यायची गरज नाही, टेप पुरतो. डेक्सा स्कॅन, म्हणजे एक्स-रेनी चरबी, मसल आणि हाडं वेगवेगळी मोजणारी तपासणी, जास्त अचूक असतो पण सुरुवातीला कोणालाच लागत नाही.

आणि हो, सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना कोणी विचारायचं तेही इथेच सांगते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी केल्यावर शुगर एकदम खाली जाऊ शकते, डोस बदलावा लागतो, तो आपल्या मनानं बदलायचा नाही. बीपी, हार्ट, किडनीचा त्रास असेल तर विचारून घ्या. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ही वेळ नव्हे. आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल तर खुश होऊ नका, शुगर, थायरॉइड, टीबी, सगळं तपासून घ्या.

खाण्याचं, इंदूरात राहूनच

रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी, याहून जास्त तोडायचं नाही. पोहे सोडा असं मी कोणाला सांगत नाही, इंदूरात राहून ते कोणी ऐकणारही नाही. कॅलरी पोह्यात कमी आणि वरून जे पडतं त्यात जास्त असतात. मूठभर सेव म्हणजे २५ ग्रॅम धरा, जवळपास १४० कॅलरी. लोक वरण-भातावर सेव घेतात, भाजीवर घेतात, नुसती सेव-टमाटरची भाजी करून वरून परत सेव घेतात. एक आठवडा फक्त एवढंच करा की दिवसात एकदाच सेव आणि तीही छोट्या चमच्यानी मोजून. जिलबी रविवारी.

मग तेल. ही गोष्ट वहीत लिहायला सगळ्यात सोपी आहे कारण डबा मोजलेला येतो. चौघांच्या घरात पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल झालं, ग्रॅमला ९ कॅलरी म्हणजे ३४० च्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. तोच डबा तीन लिटरवर आणला तर माणशी २३ ग्रॅमच्या आसपास होतं, रोजच्या १३० हून जास्त कॅलरी वाचल्या आणि ताटातला एकही पदार्थ गेला नाही. फोडणीला बाटलीतून धार लावायची नाही, चमच्यानी घालायचं, एवढाच बदल. हिवाळ्यातले गराडू (इथला एक कंद) तळलेलेच चांगले लागतात मला मान्य आहे, तर मग महिन्यातून दोनदा खा, पण घरच्या रोजच्या भाजीवर तवंग कशाला.

आता येते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जी आपल्या शाकाहारी ताटात कायम कमी पडते, प्रोटीन. खाणं कमी केलं की शरीर खर्च भागवायला चरबी पण काढतं आणि मसल पण तोडतं, नुसत्या डाएटनी उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो असा मोटा अंदाज धरतात. तो हिस्सा कमी करायचे दोन मुख्य मार्ग आहेत, पुरेसं प्रोटीन आणि ताकदीचा व्यायाम. आपल्या आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) रोजची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण चरबी उतरवताना किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास ठेवलेलं चांगलं. ६२ किलोच्या बाईला म्हणजे ७५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

७५ ऐकून लोक घाबरतात, पावडरच घ्यावी लागणार का म्हणून. बघा, असं जमतं. सकाळी उसळ-पोहे, पण उसळ जास्त आणि पोहे कमी, ४० ग्रॅम मटकीची उसळ आणि थोडे पोहे, झाले १३ ग्रॅम. दुपारी घट्ट वरण, पाण्यासारखं नाही, माणशी ३० ग्रॅम डाळीचं, त्यात ७. दोन पोळ्यांचे ७. वाटीभर दह्याचे ५. भाजीत ५० ग्रॅम पनीर टाकलं तर ९. संध्याकाळी चार वाजता मूठभर फुटाणे, ६. रात्री सोयाबीनच्या वड्यांची भाजी, कोरड्या ३० ग्रॅम घेतल्या तर १५, आणि दोन पोळ्यांचे ७. झोपायच्या आधी ग्लासभर दूध, ६. लागले ७५. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचे १२ मिळतात, तेवढी एखादी गोष्ट कमी करा.

सोयाबीनच्या वड्यांकडे आपली माणसं नाक मुरडतात याचं मला खरंच वाईट वाटतं. आख्खा मालवा सोयाबीन पिकवतो, देशाची सोयाबीन संशोधन संस्था इथे इंदूरातच आहे, घरातलं तेलसुद्धा सोयाबीनचं, आणि १०० ग्रॅममध्ये ५० च्या वर प्रोटीन असलेली वडी मात्र ताटात नको. वास येतो म्हणतात. तर गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या, पाणी फेकायचं, दोनदा थंड पाण्यात घट्ट पिळायच्या, मग दही, गोडा मसाला आणि आलं-लसूण लावून पंधरा मिनिटं मुरवून करायच्या, वास राहत नाही. बारीक वाटून थालीपिठाच्या पिठात मिसळल्या तर मुलांना पत्ताही लागत नाही.

उपासाबद्दल एक शब्द. चतुर्थी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च आणि तूप, प्रोटीन नावालाही नाही, जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. उपास करा पण त्या दिवशी दही, ताक, दूध, पनीर जास्त घ्या आणि खिचडी वाटीभरच.

ताकद, हीच पायरी सगळे गाळतात

सकाळी मेघदूत उपवनात किंवा नेहरू पार्कात चालायला जाणारे खूप आहेत आणि ते चांगलंच आहे, हार्टला चांगलं, मनाला चांगलं, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर शुगरही कमी चढते. पण चालून मसल टिकत नाही. मसलला जड काम दिलं तरच शरीर त्याला ठेवतं, नाहीतर खाणं कमी असताना चरबीबरोबर तेही खर्चात काढतं. जेवल्यानंतरची साखर उचलायचं मोठं काम मसलच करतं, म्हणून शुगरवाल्यांनी तर हे अजिबात टाळू नये.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा तास. जिम असेल तर उत्तम, पण घरी खुर्ची, भिंत आणि पाण्याच्या बाटल्या पुरतात. खुर्चीवरून उठ-बस, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. भिंतीला हात टेकून पुश-अप, ते सोपं झालं की ओट्याला टेकून, मग जमिनीवर. कंबरेतून थोडं वाकून बाटल्या पोटाकडे ओढायच्या, पाठीसाठी. बाटल्या खांद्यापासून वर उचलायच्या. पाठीवर झोपून पाय दुमडून कंबर वर उचलायची. आणि शेवटी दोन्ही हातात सामानाच्या जड पिशव्या घेऊन हॉलमध्ये चकरा, ही पकड मजबूत करते, आणि म्हातारपणी पकड किती कामाची असते ते आजींना विचारा.

प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, मग एक मिनिट आराम, असं दोन-तीनदा. शेवटचे दोन कठीण गेले पाहिजेत. कठीण जात नसतील तर वजन वाढवा, एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो, मग दोन लिटरची, मग पाच लिटरचा पाण्याचा कॅन. हे वाढवत जाणं म्हणजेच सगळा व्यायाम आहे, सहा महिने त्याच एका किलोच्या बाटल्या हलवत बसलात तर शरीराला नवीन काही करायची गरजच पडत नाही. श्वास कोंडून धरू नका, उचलताना सोडा. पहिले दोन आठवडे अंग दुखेल आणि काटा थोडा वर जाईल, कारण दुखावलेल्या मसलमध्ये पाणी येतं. इथेच कित्येक जणी घाबरून सोडून देतात की व्यायामानी माझं वजन वाढलं. थांबा, टेप बघा.

बायका विचारतात, वजन उचललं की पुरुषांसारखे दंड होतील का. होत नाहीत. तसं शरीर व्हायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते, पाच लिटरच्या कॅननी ते होणं शक्य नाही. आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी काढता येते का, तेही नाही. क्रंचेस केलेत तर पोटाचं मसल मजबूत होईल, पण चरबी कुठून आधी जाणार ते शरीर ठरवतं.

झोप

आपला सराफा, म्हणजे सराफ बाजारातली खाऊगल्ली, रात्री सुरू होतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो, त्यामुळे आपल्या शहराला उशिरा झोपायची जुनी सवय आहे. पण २०१० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला एक छोटासा प्रयोग ऐका. दहाच माणसं होती, सगळ्यांना मोजून कमी खाणं दिलं, १४ दिवस झोपेला साडेआठ तास आणि पुन्हा १४ दिवस झोपेला साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. पण जास्त झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती आणि कमी झोपेत फक्त ०.६ किलो, उरलेलं सगळं चरबी सोडून दुसरं काहीतरी, म्हणजे मसल, पाणी वगैरे. खाणं तेच, माणसं तीच, काट्यावरचा आकडाही जवळपास तोच. माणसं थोडी आहेत हे खरं, पण वजन आणि चरबी यातला फरक इतका स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलं नाही. तेव्हा सराफा शनिवारी, बाकी दिवस अकराच्या आत अंथरुणात, आणि फोन दुसऱ्या खोलीत.

चार आठवड्यांनी वही उघडा

आता तीनही नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या. वजन थोडं खाली, कंबर खाली, खुर्चीचा आकडा तोच किंवा वर, असं असेल तर चरबी जातेय, काही बदलू नका. महिन्याला दीड-दोन किलो असेल तर छान आहे, शेजारणीचे पाच उतरले म्हणून मन खट्टू करून घ्यायचं नाही.

वजन जागच्या जागी पण कंबर कमी होतेय, हे नव्यानं व्यायाम सुरू केलेल्यांमध्ये खूप दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींचा काटा दोन महिने अडून बसला होता, त्या रोज हिरमुसून यायच्या. पण कंबर ९१ वरून ८७ वर आलेली, ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना आत शिवण घालावी लागली, दुसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन न थांबता चढायला लागल्या. चरबी जात होती आणि मसल बनत होतं. एक किलो मसल एक किलो चरबीपेक्षा जागा कमी घेतं, म्हणून आकडा तोच राहून माणूस बारीक होतो. अशा वेळी खाणं अजून तोडायचं नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते, कारण चांगलं चाललेलं काम तिथेच बिघडतं.

वजनही हलत नाही आणि कंबरही हलत नाही, तर मग खाणं लागतं त्यापेक्षा कमी झालेलंच नाही. तीन दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, चहातली साखर, मुलाच्या ताटातलं उरलेलं, चव बघायला घेतलेलं, ऑफिसातला समोसा, सगळं. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. सापडलं नाही आणि थकवा, केस गळणं, पाळी अनियमित असं काही असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

आणि चौथा प्रकार, वजन झपाझप खाली, कंबर फारशी नाही, खुर्चीचा आकडा उतरला, सारखं थंडी वाजते, चिडचिड होते. काकूंचं हेच झालं होतं. इथे त्याच दिवसापासून खाणं वाढवायचं, आधी प्रोटीन, सकाळची उसळ आणि रात्रीची डाळ परत ताटात, मग दुपारची एक पोळी. पहिल्या आठवड्यात काटा किलो-दीड किलो वर जाईल, ते परत आलेलं पाणी आहे, जाऊ द्या. काकूंना मी तीन आठवडे काट्यावर उभंच राहू दिलं नाही, फक्त उठ-बस, भिंतीचे पुश-अप आणि पोटभर वरण. मग परत मोजणी सुरू केली, या वेळी रोज ३०० कॅलरीच कमी, आणि आता टेप हळूहळू सरकायला लागलाय.